कमुरत्यातला राजीनामा

किरीटभाईंनी पाकिटाला हात लावला नाही. पेनच्या मागच्या टोकाने ढकलत ढकलत त्यांनी ते टेबलाच्या ईशानीकडच्या कडेला आणलं आणि मग ते पेनही रुमालाने पुसून घेतलं.

"बेन, कमुरता चाले छे," ते म्हणाले. "काले ज बेठा. आमां शेठ राजीनामा नथी लेता. उत्तरायण पछी आवजो."

कमुरता म्हणजे धनुर्मासाचा महिना, सोळा डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतचा. या दिवसांत बडोद्यात लग्नं लागत नाहीत, नव्या घरात कोणी राहायला जात नाही, गाड्यांच्या शोरूममधली पोरं दिवसभर मोबाइल बघत बसतात. ईशानीचा जन्मच इथला, तिला हे सगळं ठाऊक होतं. पण नोकरी सोडणं हे शुभकार्यात मोडतं, ही माहिती नवी होती.

"किरीटभाई, राजीनामा म्हणजे काय वास्तुशांत आहे का?"

"नवुं काम ज ने! तमारा भला माटे कहुं छुं. बहेन समजीने."

किरीटभाई कंपनीच्या मनुष्यबळ खात्याचे प्रमुख होते. म्हणजे खात्यात ते होते आणि एक प्रिंटर होता, आणि दोघांपैकी प्रिंटर जास्त वेळा चालू असे. सावली गावाच्या रस्त्यावरच्या या औषधांच्या कारखान्यात ईशानी अकरा वर्षं गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. रसायनशास्त्राची एमएस्सी, वय छत्तीस. अकरा वर्षांत किरीटभाईंनी तिला बहीण समजल्याची ही पहिलीच खेप होती.

तिने पाकीट उचललं, जागेवर गेली आणि तेच पत्र त्यांना ईमेलने पाठवलं. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही. कंपनीच्या बसमध्ये चढताना किरीटभाई भेटले तेव्हा म्हणाले, "मेल तो बधाय करे. मेलनुं कंई गणाय नहीं."

हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत तिची निवड झाली होती. वीस फेब्रुवारीला हजर व्हायचं, जुन्या ठिकाणचं कार्यमुक्तीचं पत्र हातात घेऊन. ते नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. त्यांनी हे दोन ओळींत लिहून कळवलं होतं आणि तिला ते आवडलं होतं. गोड बोलून फसवण्यापेक्षा दोन कोरड्या ओळी बऱ्या. नेमणूकपत्रात साठ दिवसांची नोटीस होती. आज दिली तर फेब्रुवारीच्या मध्यावर ती मोकळी होत होती. संक्रांतीनंतर दिली तर सोळा मार्च उजाडत होता, म्हणजे हैदराबाद संपलं होतं.

बडोद्याजवळ बाजव्याच्या घरी तिने रात्रीच्या जेवणाआधी नेमणूकपत्र काढलं आणि अकरावं कलम तीनदा वाचलं. "उभय पक्षांपैकी कोणीही साठ दिवसांची लेखी सूचना देऊन हा करार संपुष्टात आणू शकेल." सूचना द्यायची. सूचना मंजूर व्हायला हवी असं कुठेही नव्हतं. स्वीकृती हा शब्द त्या चार पानांत एकदाच आला होता, तोही मालाच्या संदर्भात. कंपनीने हे पत्र कुठल्या तरी दुसऱ्या कंपनीच्या पत्रावरून उतरवलेलं होतं, त्यामुळे ते बरं होतं.

तिचे वडील वामनराव रिफायनरीतून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षांत त्यांनी साहेबाला एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं आणि हे ते अभिमानाने सांगत.

"अकरा वर्षं पगार वेळेवर दिला ना गं त्यांनी?"

"मी अकरा वर्षं काम वेळेवर दिलं, बाबा."

"तसं नव्हे. मोठ्या माणसाला लागेल असं करू नये. शेठची श्रद्धा असेल. महिन्याने काय बिघडतं?"

"नोकरी बिघडते."

"शांतीने घे जरा. त्या किरीटभाईला परत एकदा समजावून सांग."

"समजावायला समोर काही असावं लागतं."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तू रिकाम्या पोटी माणसांविषयी बोलू नकोस. आधी जेव. आणि हैदराबादला स्वेटर लागतो का, ते एकदा विचारून घे कोणाला तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी घराजवळच्या छाणीच्या पोस्टात जाऊन ईशानीने पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने कंपनीच्या पत्त्यावर पाठवलं. पाठवणाऱ्याच्या नावाखाली तिने विषयही लिहिला: राजीनाम्याची साठ दिवसांची सूचना. पोस्टातली बाई म्हणाली, "विषय पाकिटावर कोण लिहितं?" ईशानी म्हणाली, "ज्याला वाचणाऱ्यांची खात्री नसते तो."

पाच दिवसांनी पाकीट घरी परत आलं. वर पोस्टमनचा शेरा होता, 'घेण्यास नकार', तारीख एकोणीस डिसेंबर. इतकं तिला अपेक्षित होतं. नाकारलेलं पत्रही पोचलेलंच धरतात, हे तिने वाचलेलं होतं. अपेक्षित नव्हतं ते पाकिटाच्या मागच्या बाजूला होतं. तिथे एक लाल लेबल चिकटवलेलं होतं.

हे लेबल तिच्या चांगल्याच ओळखीचं. कारखान्यात आलेला कच्चा माल चाचणीत नापास झाला की पिंपावर ते लावतात. वर ठळक 'नामंजूर', खाली चार रकाने. दोन वर्षांपूर्वी फाटकावरून एक पिंप कारण न लिहिता परत गेलं होतं आणि परदेशी तपासनिसांनी त्यावरून कंपनीला फैलावर घेतलं होतं. त्यानंतर फाटकावर आवक-जावक बघणाऱ्या बळवंतरावांचं प्रशिक्षण ईशानीनेच घेतलं होतं. लेबल लावल्याशिवाय, कारण लिहिल्याशिवाय आणि सही केल्याशिवाय फाटकातून काहीही परत पाठवायचं नाही. बळवंतराव फौजेत वीस वर्षं काढलेले. हुकूम म्हणजे हुकूम. पत्र परत पाठवायला सांगितलं, त्यांनी पाठवलं. पण रीतीप्रमाणे.

वस्तू: पत्र, नग एक. दिनांक: १९ डिसेंबर. कारण: राजीनामा. कमुरता संपल्यावर घेणे, किरीटभाई एचआर यांचा तोंडी आदेश. सही: बळवंतराव. खाली कंपनीचा गोल शिक्का.

ईशानी सहसा हसत नसे. दारात उभं राहून तिने ते चार रकाने पुन्हा वाचले आणि मग आत जाऊन आईला विचारलं, घरात मोठं पारदर्शक पाकीट आहे का. पत्र कोणी नाकारलं, केव्हा, कशामुळे, आणि आत काय आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, सगळं कंपनीने स्वतःच्या शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. एका वकिलाने हे मिळवायला सहा महिने घेतले असते.

एकोणीसपासून साठ दिवस म्हणजे सतरा फेब्रुवारी. तिने तारीख वहीत लिहिली आणि कामाला लागली.

हे साठ दिवस तिने कसे घालवले ते कोणी बघितलं नाही. बघणाऱ्याला त्यात काही सापडलंही नसतं. शिल्लक बावीस रजांपैकी एकही तिने घेतली नाही. कंपनीची कुठलीही फाइल घरी नेली नाही, कशाची प्रत काढली नाही, काही पुसलं नाही. चाचण्यांच्या नोंदवह्या शेवटच्या पानापर्यंत पूर्ण केल्या. हे तिने कंपनीवरच्या प्रेमाने केलं असं समजायचं कारण नाही. आपलं देणं पूर्ण दिलं की समोरच्याचं तोंड बघायची गरज उरत नाही, एवढाच त्यातला हिशेब.

तिच्या हाताखालच्या मनालीला तिने काम शिकवायला घेतलं तेव्हा ती पोरगी दाराकडे बघत पुटपुटली, "मॅडम, सरांनी सांगितलंय तुमच्याकडून चार्ज घ्यायचा नाही. चार्ज दिला नाही तर तुम्हाला सोडता येणार नाही म्हणे."

"मग घेऊ नकोस. नुसती बाजूला उभी राहा."

"आणि?"

"आणि डोळे उघडे ठेव. त्यावर सरांनी बंदी घातलीय का?"

मनालीला हसू आलं. ती रोज दुपारी तासभर बाजूला उभी राहिली.

सर म्हणजे गुणवत्ता विभागाचे प्रमुख देवेंद्र. त्यांचे पणजोबा बडोदे संस्थानात सुभे, म्हणजे प्रांताचे अधिकारी होते, ही माहिती ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत देत. केबिनमध्ये पणजोबांचा पगडीतला फोटो होता. स्वतः देवेंद्र सरांनी गेल्या नऊ वर्षांत पिपेट हातात धरलेली ईशानीने पाहिली नव्हती. पणजोबांनी तरी निदान तलवार धरली असावी.

पंधरा जानेवारीला, पतंगांचा मांजा अजून झाडांवर लोंबत असताना, किरीटभाईंनी तिला फोन करून बोलावलं. देवेंद्र सर तिथेच बसले होते. टेबलावर उंधियूची एक वाटी होती.

"हवे लावो तमारी चिठ्ठी," किरीटभाई प्रसन्नपणे म्हणाले. "सारो दिवस छे. आजथी साठ दिवस. सोळा मार्च."

"चिठ्ठी दिलीय. सतरा फेब्रुवारी माझा शेवटचा दिवस."

"क्यारे आपी? मने तो मळी ज नथी!"

तिने पाकिटाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स टेबलावर ठेवली. किरीटभाईंनी लाल लेबलाचा काळा-पांढरा फोटो वाचला. पुन्हा वाचला. वाटी बाजूला सरकवली.

"आ बळवंतराव पागल थई गयो छे?"

"त्यांनी कार्यपद्धती पाळली. नामंजूर मालावर कारण लिहायचं."

"राजीनामा माल छे?"

"नाही. पण तुम्ही तो मालासारखा परत पाठवलात."

देवेंद्र सरांनी झेरॉक्स दोन बोटांत धरून चष्म्याखालून बघितली. मग ते मऊ आवाजात म्हणाले, "ईशानी बेटा, इतक्या वर्षांची आपली माणसं आपण. कागद कशाला दाखवतेस? श्रद्धेचा प्रश्न आहे गं. शेठ कमुरत्यात काही नवं करत नाहीत."

"बावीस डिसेंबरला आपल्याकडे नवं मशीन बसवलं, सर. नारळ तुम्हीच फोडलात."

"ए तो मशीन छे," किरीटभाई म्हणाले.

"म्हणजे येणाऱ्याला कमुरता नाही. फक्त जाणाऱ्याला."

देवेंद्र सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकदाचं खरं बोलले. नऊ मार्चला परदेशी तपासनीस येणार होते. चार दिवस ते प्रश्न विचारणार, आणि विभागात त्यांना उत्तरं देऊ शकेल असं एकच माणूस होतं. हे सांगताना सरांना लाज वाटली नाही. विभागाचा प्रमुख कोण हे त्यांच्या लक्षातच राहिलं नसावं.

"हे तुम्ही सतरा डिसेंबरला का नाही विचारलंत?" ईशानी म्हणाली. "सर, अडचण आहे, चार आठवडे थांबशील का, एवढंच. मी हैदराबादला फोन करून बघितला असता."

"मग आता कर."

"आता नाही."

"हे बघ," सरांचा आवाज जरा चढला, "कार्यमुक्तीचं पत्र माझ्या सहीशिवाय निघत नाही. औषधांचं जग लहान आहे. उद्या कोणी मला तुझ्याबद्दल विचारलं तर..."

"तर तुम्ही काय सांगणार आहात, तेही लेखी द्या. तारखेसकट."

दाराबाहेर पडताना तिला मागून किरीटभाईंचा आवाज ऐकू आला. ते सरांना विचारत होते की लेबल नीट भिजवलं तर पाकिटावरून निघेल का. त्यांच्या हातात होती फक्त झेरॉक्स.

बळवंतरावांना त्यांनी 'कारणे दाखवा' नोटीस द्यायचं ठरवलं हे तिला दोन दिवसांनी कळलं. तिने गुणवत्ता विभागाकडून एक ओळीचं टिपण पाठवलं: सदर कर्मचाऱ्याने कार्यपद्धतीप्रमाणे काम केले आहे, नोटीस दिल्यास कार्यपद्धती चुकीची असल्याची नोंद तपासनिसांना दाखवावी लागेल. नोटीस निघाली नाही. बळवंतराव फाटकावर भेटले तेव्हा तिला म्हणाले, "बाईसाहेब, काही चुकलं का माझं?"

"काही नाही. तुमच्याइतकं अचूक या कारखान्यात कोणी लिहीत नाही."

त्यांनी सलाम ठोकला. तिने आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा तरी सलाम मनापासून घेतला.

सतरा फेब्रुवारी आली. संध्याकाळी साडेचारपर्यंत पत्र तयार नव्हतं. किरीटभाई जागेवर नव्हते, मोबाइल बंद. देवेंद्र सर बैठकीत होते, आणि बैठकीच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटेची तिची गाडी होती. ईशानीने ओळखपत्र गळ्यात घातलं, पारदर्शक पाकीट घेतलं आणि जिना चढून शेठच्या केबिनकडे गेली. अकरा वर्षांत ती या मजल्यावर दोनदा आली होती, दोन्ही वेळा दिवाळीच्या मिठाईसाठी रांगेत.

शेठ फोनवर बोलत होते. त्यांनी हाताने बसायला सांगितलं, फोन संपवला आणि हसून विचारलं, "बोलिये बेन. कौनसी कंपनी से?"

"याच," ती म्हणाली. मग हिंदीत, "आपकी ही कंपनी से. ग्यारह साल."

तिने चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि पाकीट समोर ठेवलं. ती तयारी करून आली होती. समोर भाविक, हट्टी म्हातारा असेल. कलम अकरा, पोस्टाचा शेरा, मग लेबल, असा क्रम तिने ठरवला होता. शेठनी पाकीट उलटं करून लेबल वाचलं आणि त्यांच्या पोटातून हसू फुटलं.

"कमुरता? मेरे नाम पे? अरे, मेरी खुद की गाडी दिसंबर में आई. पच्चीस तारीख को. डिस्काउंट अच्छा था."

त्यांनी बेल दाबली. किरीटभाई इतक्या लगेच आत आले की ते बाहेरच उभे असणार. मागोमाग देवेंद्र सर, बैठक अचानक संपल्यासारखे.

"बेन को कागद दे दो भाई. जाने वाले को रोकते हैं क्या?" शेठ म्हणाले आणि पुढचा फोन लावला. तिचं नाव त्यांनी विचारलं नाही.

जिना उतरताना ईशानीला राग आला नाही. ज्याच्या नावाने दोन माणसं दोन महिने तिच्याशी खेळत होती, त्याला यातलं काही माहीतच नव्हतं. किरीटभाई शेठला घाबरत होते आणि सर तपासनिसांना. दोघांनी आपापल्या भीतीला धर्माचं नाव दिलं होतं. इतक्या स्वस्त मालाची तपासणी तिने आजवर केली नव्हती.

पत्र दहा मिनिटांत छापून आलं. प्रिंटर चालू होता. तिने ते उभ्याने वाचलं. नाव बरोबर, पद बरोबर, शेवटचा दिवस सतरा फेब्रुवारी. त्याखाली एक ओळ होती: कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून व वैयक्तिक अडचण लक्षात घेऊन कंपनीने सहानुभूतीपूर्वक नोटीस कालावधीत सूट दिली आहे.

तिने पत्र परत टेबलावर ठेवलं.

"ही ओळ काढा."

"अरे बेन, चांगलीच लिहिली ने!" किरीटभाई आता तिच्याशी मराठीत बोलू लागले होते. "सहानुभूती. काय वाईट?"

"मी सूट मागितली नाही, तुम्ही दिली नाही. साठ दिवस पूर्ण झालेत. तेवढंच लिहा."

"सव्वापाच झाले," देवेंद्र सर घड्याळ बघत म्हणाले. "साडेपाचला बस सुटेल. तुझं काम झालं ना? तारीख तुझीच आहे. एका ओळीने काय फरक पडतो?"

फरक खरोखरच पडत नव्हता. हैदराबादला तारीख बघणार होते, ओळ कोणी वाचणार नव्हतं. ईशानीला हे माहीत होतं. पहाटेची गाडी होती, बॅग अजून अर्धी भरायची होती, आई फोनवर फोन करत होती. तिने खुर्ची ओढली आणि या खोलीत अकरा वर्षांत पहिल्यांदाच, कोणी न सांगता, बसली.

"मी थांबते," ती म्हणाली.

दुसऱ्या प्रतीत 'सहानुभूतीपूर्वक' गेलं आणि 'सूट' राहिली. तिने परत दिलं. बस सुटल्याचा आवाज आला. तिसऱ्या प्रतीत लिहिलं होतं: कर्मचाऱ्याने साठ दिवसांचा नोटीस कालावधी पूर्ण केला आहे. देवेंद्र सरांनी सही केली; पेन इतकं दाबून की ती कागदाच्या मागे उमटली. तिने पत्र दोनदा वाचलं, कंपनीच्या प्रतीवर 'मिळाले' लिहून तारीख आणि वेळ टाकली, सहा वाजून चार मिनिटं. ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

काम संपल्यावर माणसाला मोठेपणा सुचतो तसा तो सरांना सुचला. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि म्हणाले, "झालं गेलं विसरून जा, बेटा. एक घर आहे आपलं. संपर्कात राहा."

"कशासाठी?" ईशानीने विचारलं.

टोमणा मारायचा म्हणून नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती पत्राची घडी घालत उत्तरासाठी थांबली. सरांनी किरीटभाईंकडे बघितलं, किरीटभाईंनी प्रिंटरकडे. पुरेसा वेळ देऊन झाल्यावर तिने पर्स खांद्याला लावली आणि मुख्य रस्त्यावर छाणीकडे जाणारी रिक्षा मिळते का ते बघायला निघाली.